काखमांजर

मी ब्लाउज शिवते. रत्नागिरीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगते, “हात जरा वर करा.” बायका बोलता बोलता, मोबाइल बघता बघता हात वर करतात, मी टेप काखेखालून फिरवते, माप घेते, आणि हात खाली जातो. कोणाला वाटेल, त्यात काय एवढं. मला मात्र त्या हातांचा हेवा वाटायचा.

काखेत पुन्हा पुन्हा गळवं येण्याचा आजार मला होता. थोडा अजून आहे. हा आजार असलेली बाई तो कोणाला सांगत नाही, त्यामुळे प्रत्येकीला वाटतं, हे जगात आपल्या एकटीच्याच वाट्याला आलंय. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून लिहायला बसले.

*

पहिलं गळू आलं तेव्हा मी कॉलेजात होते. आई म्हणाली, केसतूड असेल, फुटेल नि जाईल. फुटलं आणि गेलं. मग वर्षातून एखादं यायचं. लग्न झालं, सई झाली, आणि त्यानंतर ती मुक्कामालाच आली. एक बसतंय तोवर शेजारी दुसरं. उजव्या काखेत जास्त, डाव्या काखेत कमी. आत सुपारीएवढी गाठ, वरून लाल, हात अंगाला टेकला की जीव जायचा. फुटलं की ठणका थांबायचा, पण मग कपड्यांना डाग आणि वास.

माझ्या सासूबाई मूळच्या पावसच्या. त्या याला काखमांजर म्हणतात. हे नाव कसं पडलं कोण जाणे, पण मला पटायचं. आत काहीतरी नखं रुतवून बसलंय आणि हललं की ओरबाडतंय, असंच ते दुखणं होतं.

शिवणकाम येत असल्यामुळे मला ते लपवता आलं. माझ्या सगळ्या ब्लाउजांचा मुंढा, म्हणजे काखेचा गोल, मी सैल करून टाकला. आतून दुहेरी अस्तर लावलं आणि त्यात कापसाची गादी ठेवायला खिसा शिवला. हलके रंग वापरायचे सोडले. घरात येणाऱ्या बायका म्हणायच्या, स्वतः एवढी छान शिवतेस आणि अशी गबाळी का राहतेस? मी हसायचे.

एका दवाखान्यात गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी गळू कापलं, गोळ्या दिल्या आणि चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, “घाम साचतो. स्वच्छता ठेवत जा.”

माझं स्वच्छतेचं वेड तिथून सुरू झालं. दिवसातून तीन तीन वेळा आंघोळ. तुरटी, लिंबू, कडक साबण. काथ्याने घासायचे. आपल्याकडचा उकाडा सगळ्यांना माहीत आहे. एप्रिलमध्ये नुसतं बसलं तरी पाठीवरून धारा लागतात. मी मशीनवर बसून पाय मारायचे आणि घाम आला की स्वतःचाच राग यायचा. घासलं की कातडी सोलवटायची, आणि गळवं वाढायची. ती वाढली की मी आणखी घासायचे.

एकदा शेजारच्या हळदीकुंकवाला गेले होते. माझ्या बाजूची बाई बोलता बोलता उठली, खुर्ची पलीकडे नेली आणि पुन्हा बसून बोलायला लागली. तिने नाक मुरडलं नाही, काही म्हणालीही नाही. मी वाण घेऊन घरी आले आणि पुढची दोन-तीन वर्षं कोणाकडे गेले नाही.

*

माझे यजमान विनय जहाजावर असतात, इंजिन रूममध्ये फिटर. आठ-नऊ महिने समुद्रावर आणि मग थोडे महिने घरी. दर्यावर्दी माणसाच्या बायकोला वाट बघायची सवय असते असं लोक म्हणतात. सवय कसली, वाट बघत बघत बाकीची कामं करता येतात एवढंच.

पण त्या वर्षांत माझं वाट बघणं बिघडलं होतं. ते नसताना मला त्यांचे हात आठवायचे. ते यायचे तेव्हा त्यांचे हात जवळ आले की मी आखडायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते झोपेत माझ्या दंडावर डोकं ठेवायचे. आता मी दंड अंगाशी घट्ट धरून, कुशीवर वळून झोपायचे. सई मध्ये असायची, ती बरी सबब होती.

शेवटच्या सुट्टीत जायच्या आदल्या संध्याकाळी बॅग भरताना ते म्हणाले, “तुला मी आलेला आवडत नाही का गं?”

“असं काय बोलताय?”

“विचारतोय. तू लांब असतेस. मी तिकडे नऊ महिने लांब, इकडे आलो तरी लांबच.”

वाटलं, सांगावं, दिवा लावावा, ब्लाउज काढून दाखवावं. पण जे बघून मलाच ओकारी येते ते यांना दाखवू? मी त्यांचे मोजे गुंडाळत बसले. म्हटलं, “दमते मी दिवसभर.” ते “बरं” म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडीत बसले तेव्हाही त्यांनी मला जवळ घेतलं नाही. खिडकीतून नुसता हात हलवला. मी हलवला तो कोपरापासून, कारण खांद्यापासून तो उठत नव्हता.

*

सई तेव्हा चार वर्षांची होती. शाळेच्या रिक्षातून उतरली की दोन्ही हात वर करायची, “आई, घे ना.” मी खाली बसायचे, तिला पुढून मिठीत घ्यायचे, पण उचलायचे नाही. मुलाला उचलताना त्याचा सगळा भार दंडाच्या आतल्या बाजूवर येतो, हे ज्याचं तिथे दुखतं त्यालाच कळतं. एकदा हट्टाने उचललं तर आतलं गळू फुटलं आणि मी तिला जवळजवळ टाकलंच. ती रडली नाही, घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

त्यानंतर तिने स्वतःच युक्ती काढली. माझ्या मशीनजवळ स्टूल होतं. ती ते ओढत आणायची, वर चढायची, तिचं तोंड माझ्या तोंडासमोर यायचं आणि मग माझ्या गालावर गाल घासायची. लोक म्हणायचे, किती शहाणी मुलगी. मला तो शहाणपणा बघवायचा नाही.

*

शेवटी कळलं ते तापामुळे. दोन दिवस ताप उतरेना, उजवा हात अंगापासून दूर धरून मी पडून होते. सासूबाईंनी माझे कपडे धुवायला घेतले, आणि अस्तराच्या खिशात राहिलेली कापसाची गादी त्यांच्या हाताला लागली. त्या ती तशीच हातात घेऊन आत आल्या.

“हे काय गो?”

मी भिंतीकडे तोंड केलं.

“बाय, मी विचारत्येय तुला. एवढं रक्त, एवढा पू. किती दिवस अंगावर काढत्येस?”

“आई, ते टाका आधी. घाण आहे ती.”

“घाण कसली? तुझ्याच अंगातलं आहे ना? मी विनयचं सगळं काढलं, सईचं काढलं. दाखव मला.”

त्यांनी चष्मा लावला आणि बघितलं. मग पदराने माझं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, “उद्या सकाळी डॉक्टर. मी येत्येय सोबत. आणि नाही म्हणालीस तर विनयला आत्ता फोन लावीन.”

दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे गेलो त्या डॉक्टर त्वचेच्या होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. मी हात वर करताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. लोकांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघायची मला सवयच लागली होती. त्या वाकल्या, दिवा जवळ घेतला, हातमोज्याच्या बोटाने हलकेच दाबून बघितलं. दाबलं एका गळवावर, पाणी आलं दुसऱ्यातून. त्यांनी मान हलवली.

“आतून बोळ तयार झालेत. किती वर्षं?”

मी सांगितलं.

“घरात आणखी कोणाला?”

“माझ्या आईला येत असत. माझ्याएवढी नाही.”

“आणि तुम्हाला काय सांगितलंय आजपर्यंत?”

“घामामुळे होतं. स्वच्छता ठेवा.”

त्या खुर्चीत बसल्या. कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी एक केस काढला, कातडीत आत रुतलेला, आणि त्याच्याभोवती एक नळी.

“घाम दोन तऱ्हेचा असतो,” त्या म्हणाल्या. “तळहातावर केस नाहीत, तरी घाम येतो ना? कारण त्या घामाच्या ग्रंथी थेट त्वचेवर उघडतात. अंगभर त्याच आहेत. पण काखेत आणि जांघेत आणखी एक तऱ्हा असते. वयात येताना त्या ग्रंथी कामाला लागतात. त्या सरळ बाहेर उघडत नाहीत. केसाच्या मुळाभोवती ही जी नळी आहे ना, तिच्यातच उघडतात. केस आणि तो घाम एकाच वाटेने बाहेर येतात.”

मग त्यांनी नळीच्या वरच्या तोंडाशी पेनाने काळं केलं. “तुमच्यात ही वाट इथे बुजते. केसाच्या नळीचं तोंड बंद होतं. आत साठत जातं, नळी फुगते, कातडीखालीच फुटते आणि मग तिथे सूज, पू, गळू. घाम मागे अडकलेला असतो इतकंच. सुरुवात त्याने केलेली नसते.”

“म्हणजे मी नीट आंघोळ करत नाही म्हणून नाही?”

“उलट फार घासता तुम्ही. ते आजपासून बंद. हा मळाचा रोग नाही, आणि एकापासून दुसऱ्याला होत नाही. मुलीला खुशाल कुशीत घ्या.”

नाव सांगितलं, हायड्रॅडिनायटिस सप्युरेटिव्हा. म्हणाल्या, “या नावाचा अर्थच घामाच्या ग्रंथींची सूज. पूर्वी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. समजूत बदलली, नाव तेच राहिलं.”

सासूबाई कागदावर वाकल्या. त्या म्हणाल्या, “आमच्यात साध्या गळवाला केसतूड म्हणतात.”

डॉक्टर हसल्या. “हे त्याहून मोठं आहे. पण आजी, केसापासून सुरू होतं हे तुमच्या नावात तरी आहे.”

मला हसायचं होतं, पण रडू फुटलं. आजार बरा होणार म्हणून नव्हे. तो पुरता जाईल असं त्यांनी कबूलही केलं नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला घाणेरडी समजून घासत होते, आणि माझ्या कातडीत केसाएवढी एक वाट बंद पडली होती, एवढंच ते होतं.

*

गोळ्या झाल्या, लावायचं औषध झालं. डावी बाजू शांत झाली. उजवीकडचे बोळ मात्र औषधाला जुमानेनात. शस्त्रक्रिया करून तेवढा भागच काढायचा असं ठरलं, इथेच, शहरातल्या एका रुग्णालयात.

सर्जन कमी बोलणारे होते. म्हणाले, “जखम शिवणार नाही. उघडी ठेवू, तळापासून भरत येईल. वेळ लागेल. हात हलवत राहिला नाहीत तर आखडेल.” जाता जाता दारातून म्हणाले, “आणि तेवढ्या भागात केस येणार नाहीत, घामही येणार नाही. दोन्हींची मुळंच जातात.”

ज्या घामाला मी इतक्या शिव्या दिल्या तो जाणार म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आपल्यातलं काहीतरी कायमचं जाणार, मग ते नकोसं का असेना.

विनयना सासूबाईंनीच सांगितलं होतं. मला न विचारता, फोनवर, सगळं. मग त्यांनी मला फोन केला तो जहाजावरून. मध्ये मध्ये चित्र थिजत होतं. ते बॉयलर सूटमध्ये होते, तोंड तेलकट.

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार? वास येतो, पू येतो, असं सांगू?”

“अगं, मी इंजिन रूममध्ये असतो. आमचे कपडे पिळले तर बादलीभर घाम निघतो. घामाची नि वासाची लाज तू मला सांगतेस?”

“तुम्हाला किळस आली असती.”

त्यांनी बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाले, “मी समजत होतो तुझं मन उडालंय. एकेका वॉचला, ड्युटीच्या पाळीला, तोच विचार.”

सुट्टी मागून बघितली त्यांनी. जहाज भर समुद्रात, पुढचं बंदर लांब, आणि बदली माणूस मिळेना. “साइन-ऑफ होत नाही आत्ता, जहाज सोडता येत नाही,” ते म्हणाले. मी म्हटलं, “आई आहेत ना.” आणि मनात म्हटलं, या, कसेही या.

*

रुग्णालयातल्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. पहाटे थर्मामीटर, मग फरशी पुसल्याचा फिनाइलचा वास, मग चहा, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची ट्रॉली कॉरिडॉरमध्ये यायची, तिच्या एका चाकाचा आवाज यायचा, आणि तो आवाज जवळ आला की मी खाटेची कड घट्ट धरायचे. आतली पट्टी जखमेला चिकटलेली असते. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर ती ओढत नसत. सलाइनच्या पाण्याने भिजवायच्या आणि थांबायच्या, दुसऱ्या पेशंटकडे जाऊन परत यायच्या. “सुटेल ती आपणहून,” म्हणायच्या. आणि सुटायची. त्या थांबण्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

सुरुवातीला मी जखमेकडे बघितलं नाही. एके दिवशी सिस्टरनी आरसा दिला. लालभडक, ओली, तळहातात मावेल एवढी जागा. भयंकर होती, पण तिला कसलाही वास नव्हता. मी पुन्हा पुन्हा श्वास घेऊन बघितला. सिस्टर म्हणाल्या, “काय शोधताय?” मी म्हटलं, “काही नाही.”

दुपारी वॉर्ड झोपायचा तेव्हा मी विनयनी पाठवलेले आवाज ऐकायचे. जहाजावर नेट बेताचंच मिळतं, म्हणून ते बोलून पाठवायचे. मागे इंजिनाची घरघर. बहुतेक वेळा काही विशेष नसायचं. जेवलो, आज मासे नव्हते, कोंबडी होती, घरच्या आमटीची आठवण आली. एकदा म्हणाले, “तुझी ती जुनी हिरवी ओढणी माझ्याकडे आहे. दर खेपेला नेतो. धुवून टाकली नव्हतीस ती. उशाशी ठेवतो. आता सांगतो, कारण तू वासाचं बोललीस.”

ते मी किती वेळा ऐकलं असेल. मी साबणाने जे घासून काढत होते ते एक माणूस समुद्रावर उशाशी घेऊन झोपत होता.

संध्याकाळी फोन लागला तेव्हा मी म्हटलं, “आता उजव्या बाजूला घाम येणार नाही कधी. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“बरं,” ते म्हणाले. “मग मी डाव्या बाजूला झोपत जाईन.”

शेजारच्या खाटेवरची आजी मला विचारायला लागली, रडत्येस का हसत्येस.

*

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. रोजचं ड्रेसिंग सासूबाई करायला शिकल्या. पट्टी भिजवून थांबायचं हे मी त्यांना सांगितलं होतं. आमचे खटकेही उडाले. त्यांना वाटायचं मी मुद्दाम व्यायाम टाळते. मला वाटायचं यांना काय कळतंय माझं दुखणं. एकदा मी भांडं आपटलं, त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी पट्टी भिजवत बसल्या. कोणीच माफी मागितली नाही.

व्यायाम म्हणजे भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवरून चालवत वर न्यायची. नवी कातडी ताणली की वाटायचं उसवते आहे. मला कापडाची भाषा कळते, म्हणून सांगते. आतून भरून आलेली ती जागा नव्या, न धुतलेल्या खादीसारखी आहे. तिला लवचीकपणा नाही. तिच्यावर केस नाही, घाम नाही. उन्हाळ्यात सगळं अंग ओलं होतं आणि तेवढीच जागा कोरडी राहते. बोट ठेवलं की कळतं.

हात कानापर्यंत जायला लागला त्या दिवशी सई शाळेतून आली. मी दारात उभी राहून दोन्ही हात पुढे केले. “ये, उचलते तुला.”

ती थांबली. पाठीवरचं दप्तर सावरलं. “नको आई, तुला दुखतं.”

“आता नाही दुखत.”

“मी मोठी झाले ना,” ती म्हणाली, आणि माझं बोट धरून मला आत घेऊन गेली.

आजाराने माझ्याकडून जे नेलं त्यातलं हे एक परत आलं नाही. मुलं उचलून घ्यायची वर्षं थोडी असतात, आणि ती माझी गळवात गेली. हे कोणाला दोष देऊन भरून येत नाही. कधी रस्त्यात एखादी बाई पोराला कडेवर घेऊन चाललेली दिसली की माझा डावा हात अजूनही आपोआप कमरेशी वाकतो.

म्हणून सांगते. काखेत, जांघेत, स्तनाखाली गळवं पुन्हा पुन्हा येत असतील, एकाच जागी येत असतील, तर त्याला घाम म्हणून गप्प बसू नका. घासू नका, पिळू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, आणि लवकर जा, बोळ व्हायच्या आत. आणि घरातल्या एका तरी माणसाला दाखवा. दाखवणं हेच सगळ्यात अवघड असतं, कापण्याहून. आजार माझा पुरता गेलेला नाही. डाव्या बाजूला अधूनमधून एखादी गाठ येते. पण आता तिची मला भीती वाटते, लाज वाटत नाही, आणि यात फार फरक आहे.

*

विनय आले ते सकाळच्या गाडीने. रत्नागिरी स्टेशनवर आम्ही तिघी आधीच जाऊन थांबलो होतो. सासूबाई बाकावर, सई फलाटाच्या पिवळ्या रेघेपर्यंत जाऊन परत येणारी, आणि मी उभी. उकडत होतं. माझ्या पाठीवरून, कपाळावरून घाम वाहत होता आणि मी तो पुसला नाही.

गाडी थांबली. ते पुढच्या डब्यातून उतरले, बारीक झालेले, दाढी वाढलेली. सई धावली, त्यांनी तिला वर घेतलं, तिचे पापे घेतले, खाली ठेवलं. आईच्या पाया पडले. मग बॅग खाली टाकून माझ्यासमोर आले आणि त्यांचे दोन्ही हात पुढे येऊन मधेच थांबले. माझ्या खांद्याकडे बघितलं, कमरेकडे बघितलं. बोटं हवेतच.

“कुठे धरू?” ते हळूच म्हणाले. “दुखेल तुला.”

आजूबाजूला हमाल, रिक्षावाले, ओळखीची दोन माणसं. आमच्याकडे चारचौघांत नवराबायको हात सुद्धा धरत नाहीत. सासूबाईंनी तोंड फिरवून सईला काहीतरी दाखवायला सुरुवात केली.

मी उजवा हात उचलला. कानाशी येऊन तो ताणला, पुढे जाईना. मग डावा उचलला, तो पूर्ण गेला.

“धरा,” मी म्हटलं. “कुठेही धरा.”